हुरमा माफी

भुईगाव, वसई
रविवार, १६ जानेवारी १९८३

प्रिय रिटा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. परदेशातल्या माणसाला आधी 'ठीक आहे' वाचू द्यावं, मग काय ते सांगावं, हे मला तुझ्या आईनेच शिकवलं. तर ठीक आहे.

तू पाठवलेली शाल पोचली. नाताळच्या दिवशी ती तुझ्या भावाच्या खांद्यावर घातली आणि त्याला अंगणात खुर्चीवर बसवला. येणारेजाणारे 'हॅपी ख्रिसमस' म्हणून हात पुढे करत होते. उजवा हात उचलत नाही म्हणून तो डावा पुढे करायचा आणि लगेच ओशाळून मागे घ्यायचा. आता आधार दिला तर दारापर्यंत चालतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर ऑक्टोबरात सिप्रियनभाऊजींनी त्याला विमानतळावरून चाकाच्या खुर्चीत बाहेर आणला, तेव्हा मी त्याला ओळखला तो फक्त कानांवरून. त्या मानाने आता पुष्कळ बरं म्हणायचं.

वाचा परत येते आहे, असं मी तुला मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. वाचा आली, पण ती अरबी आली.

हसू नकोस. आधी आम्हीही समजलो की तो बरळतोय. मग डॉक्टरांनी समजावलं. म्हणाले, "विहिरीवरून दोन पाट निघालेत असं समजा. घराजवळचा बुजलाय, लांबचा वाहतोय. तुम्ही बोलता ते त्यांना सगळं कळतं. फक्त तुमच्या भाषेतलं त्यांच्या तोंडून येत नाही." मी विचारलं, जवळचा कसा बुजला? ते म्हणाले, ते देवाला ठाऊक. पण मला थोडं ठाऊक आहे, रिटा. चौदा वर्षं तो बहारीनला त्या अरबाच्या घरी स्वयंपाक करत होता. मराठीत बोलायला त्याला होतं कोण? मी होते, तेही कागदावर.

पहिला शब्द उमटला तो 'माय'. सारखं 'माय, माय'. आम्हां सगळ्यांचे डोळे भरून आले. आजारी माणसाला आई आठवते. मी भिंतीवरचा तुझ्या आईचा फोटो काढला, पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो ढकलला. मी परत ठेवला. "हो रे, आई आहे, आई बघतेय वरून," असं म्हणत मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते. शेवटी त्याने डाव्या हाताने माठाकडे बोट केलं. त्याला पाणी हवं होतं, ग. घसा कोरडा पडलेल्या माणसाला मी फोटो दाखवत बसले होते.

दोन घास खाल्ले की म्हणतो, "खलास." शेजारच्या कॅथरिनमावशी पहिल्यांदा ते ऐकून कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावत क्रूस करत सुटल्या. "जेवताना असलं अभद्र बोलू नये रे ॲन्सेल्म!"

आणि परवा पाचूबंदरची एमिली टोपली घेऊन आली. तिने पापलेट वर काढलं मात्र, हा खुर्चीतून पुढे वाकला आणि स्पष्ट म्हणाला, "जुबेदी!" एमिली कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "ही जुबेदी कोन गो बाय? सवत तर नाय आनली तिकडून? बग हां, पानी कुटं मुरतंय ते बग." सगळ्या हसल्या. मीही हसले.

म्हणून तुला लिहिते आहे. तू कुवेतला इतकी वर्षं पेशंटांशी अरबीतच बोलतेस. मला रोजच्या वापरातले शब्द मराठी अक्षरांत लिहून पाठव. दुखतं का, भूक लागली का, उजेड हवा की नको, एवढं तरी. तो बोलतो ते मी खाली लिहिते, अर्थ कळव: शुफ. ताआल. अवार. बाचर. शुवै शुवै. जुबेदी.

आणखी एकदोन आहेत, पण ते मला कळतात. त्यांची गरज नाही.

केळीचे घड यंदा बरे आहेत. जपून राहा.

तुझी वहिनी,
सालोमी


भुईगाव
२७ फेब्रुवारी १९८३

प्रिय रिटा,

तुझे शब्द पोचले. चुलीमागच्या भिंतीवर कागद चिकटवला आहे. भात उकळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत असते. सकाळी वाडीत केळींना पाणी सोडताना पाठ करते. शेजारणी म्हणतात, सालोमी आता रोझरी उलटी म्हणायला लागली.

शुफ म्हणजे बघ. ताआल म्हणजे ये. अवार म्हणजे दुखतं. बाचर म्हणजे उद्या. शुवै शुवै म्हणजे हळूहळू. किती साधे शब्द होते, ग. तो रोज 'अवार' म्हणायचा आणि मी त्याला गोधडी पांघरायचे.

मला सगळ्यांत आवडला तो 'शलोनक'. तू लिहिलंस की कसा आहेस असं विचारायला ते म्हणतात, तुझा रंग कसा आहे. मी पहिल्या सकाळी त्याच्यासमोर उभी राहून विचारलं, "शलोनक?" रिटा, त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. कुलूप उघडतं तसा चेहरा. तोंडाची एक बाजू अजून वाकडी आहे, पण दुसरी हसली. म्हणाला, "जेन. जेन, अलहमदुलिल्ला." बरा आहे, देवाची कृपा.

कॅथरिनमावशी दारातच होत्या. "ख्रिस्ताच्या घरात अल्ला कशाला ग?" मी त्यांना तू लिहिलेलं सांगितलं, की तिकडचे ख्रिस्ती लोकसुद्धा परमेश्वराला अल्लाच म्हणतात, त्यांच्या भाषेत तोच शब्द आहे. मावशी म्हणाल्या, "असेल. पण आपल्या देवाला कळायला नको?"

कपाचं तू सांगितलंस ते बरं झालं. चहा संपला की तो कप हातात धरून हलवायचा, डावीउजवीकडे, दोनदा. मला वाटायचं, हाताला कंप सुटलाय. मी घाईने कप धरायचे, आणि एकदोनदा अजून हवा आहे असं समजून पुन्हा भरलाही. बिचारा प्यायचा. तिथे पाहुण्याने कप हलवला नाही तर यजमान ओततच राहतो, आणि हलवला की पुरे, हे मला कुठलं कळायला? तुझ्या भावाने चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कपांकडे बघत हातात किटली धरून उभं राहायचं काम केलं. आता त्याच्या हातात कप आहे आणि ओतणारीला रीत माहीत नाही.

जुबेदी म्हणजे पापलेट निघालं! एमिलीला सांगितलं तर ती टोपली खाली ठेवून हसली. "म्हंजे रोज सवत विकते काय मी तुला?"

हसून झाल्यावर मी पुष्कळ वेळ ओट्यावर बसून होते. सगळ्याच बायका मासे निघत नाहीत, रिटा.

असो. एक विचारू? दोन वर्षांमागे तू बहारीनला त्याला भेटायला गेली होतीस. त्या घरात कामाला आणखी कोण होतं? बायका होत्या का? सहज विचारते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

उपवासकाळ सुरू झाला. तुला तिकडे उपवास होतो का?

तुझी वहिनी,
सालोमी


भुईगाव
२४ मार्च १९८३

रिटा,

तू त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीस. ताप कसा, भूक कशी, शौचाला होतं का, सगळ्यांची चौकशी केलीस. तेवढं सोडून. त्यामुळे मी समजायचं ते समजले.

आता सरळच लिहिते. हुरमा कोण आहे?

नाव मी नोव्हेंबरपासून ऐकते आहे. तुला कळवलं नाही, कारण नावाचा काय अर्थ विचारायचा? आणि तू त्याची सख्खी बहीण. घरातली घाण पत्रात घालून तुला कशी पाठवू?

मला ते कळलं कॅथरिनमावशींकडून. मी वाडीत किंवा बाजारात गेले की त्या त्याच्यापाशी बसतात. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सालोमी, रागवू नकोस. तू घराबाहेर पडलीस की तो एका बाईचं नाव घेतो. हुरमा, हुरमा करतो आणि दाराकडे बघतो. तू आलीस की गप्प." मग थोडं थांबून, "आणि माफी मागतो बाई. हुरमा माफी, हुरमा माफी. रडतो पण. आता चौदा वर्षं पुरुष माणूस... तू पण दे सोडून."

मला खरं वाटलं नाही. मी एकदा वाडीत जाते असं सांगून भिंतीआड उभी राहिले. थोड्या वेळाने आतून आवाज आला. "हुरमा माफी." लहान मूल जत्रेत हरवल्यावर कसं बोलतं, तसा आवाज. मी आत गेले. मला बघून तो थांबला, आणि हसला. मावशी म्हणाल्या होत्या तसाच.

तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "हुरमा कोण?"

त्याने डावा हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं. माझ्या छातीकडे.

मी ते काय समजले असेन सांग. मला वाटलं, तो म्हणतोय, तुझ्यामुळे. तू मला मूल दिलं नाहीस. तू इथे वाडी धरून बसलीस, माझ्यासोबत आली नाहीस. मी दुसरी केली ती तुझ्यामुळे. एवढं सगळं मी त्याच्या एका बोटातून वाचलं, आणि चूल पेटवायला गेले.

तरी मी त्याचं करत राहिले. न्हाऊ घातलं, भरवलं. तुझे शब्द पाठ केले. मनात एक होतं, की त्याच्या भाषेत मी पुरेशी शिकले की एक दिवस तो सगळं सांगेल आणि मी ऐकून घेईन. कळायला हवं होतं मला. रोज सकाळी त्याच्या रंगाची चौकशी करत होते आणि आतून माझा रंग काय होता ते मलाच बघवत नव्हतं.

मागच्या आठवड्यात फादर घरोघरी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला आले. सिप्रियनभाऊजी होते, मावशी होत्या. फादर म्हणाले, ईस्टर जवळ आला आहे, कुणाच्या मनात कुणाबद्दल काही असेल तर या दिवसांत मोकळं करावं. ते सगळ्याच घरांत तसं म्हणत असतील. मला वाटलं, माझ्यासाठीच म्हणाले.

मी त्याच्यापुढे गुडघे टेकले. सगळ्यांसमोर म्हटलं, "ॲन्सेल्म, हुरमाचं जे काही असेल ते मी माफ केलं. माझ्या मनात आता काही नाही. पण यापुढे या घरात तिचं नाव काढू नकोस."

भाऊजी खाली बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं ते मला सांगता येत नाही. राग नव्हता. ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात, तसं. मग त्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यातून येत नाही.

मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मोठं मन लागतं बाई." आता गावातही तसंच बोलतात. तुझी वहिनी गावात मोठ्या मनाची झाली आहे.

त्या दिवसापासून तो एक शब्द बोललेला नाही. शलोनक म्हटलं तरी नाही. पाणीसुद्धा मागत नाही. मी आपण होऊन देते तेव्हा पितो.

मी माफ केलं ना, रिटा? मग तो असा का? तूच सांग मला ती कोण आहे. आता मी घाबरत नाही.

सालोमी


भुईगाव
१७ एप्रिल १९८३

प्रिय रिटा,

मागच्या पत्राचं उत्तर लिहू नकोस. लिहून टाकलं असशील तर मी ते न फोडता ठेवीन. तुझ्याआधी उत्तर घरी चालत आलं.

मला जमेल तसं क्रमाने सांगते.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात सोपाऱ्याचा दयाराम आला. तुला आठवत असेल, बहारीनला त्याच घरात गाडी चालवतो. तोच तुझ्या भावाला हॉस्पिटलात पोचवणारा. सुटीवर आला होता. मी मागे केळींच्या पिलांना माती लावत होते. मावशींनी हाक मारली, "अग, बहारीनचा माणूस आलाय!" हात धुऊन मी पुढे आले तर तो स्टुलावर बसून तुझ्या भावाचा हात हातात धरून बोलत होता. भराभर, अरबीत, मध्येच मराठी. "काय रे अन्सेम, म्हातारा मालक अजून तुझ्या हातच्या मच्छीभाताची आठवण काढतो. नवा ठेवलाय तो मीठच ओततो." तुझा भाऊ नुसता बघत होता. मी दाराच्या आड थांबले.

मग दयारामने विचारलं, "हुरमा वेन?"

मी दाराची चौकट धरली. म्हटलं, याला पण माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

तुझ्या भावाने मान वळवली, मला बघितलं, आणि डाव्या हाताचं तेच बोट माझ्याकडे केलं.

दयाराम उठून उभा राहिला. "नमस्कार वहिनी. तुमचीच चौकशी करत होतो."

"काय विचारलंत त्याला?"

"काही नाही हो. बायको कुठे आहे, म्हटलं. हुरमा वेन. हुरमा म्हणजे घरवाली."

मी म्हटलं, "चहा टाकते."

आत जाऊन मी उभी राहिले. चहाचा डबा कुठे असतो ते मला आठवेना. किती वेळ गेला कोण जाणे. दयाराम पाण्यासाठी आत आला आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "वहिनी, बरं नाही का?"

"आणि माफी म्हणजे काय?"

तो हसायला लागला. "माफी? अहो, तिथे गेलेला माणूस पहिला तोच शब्द शिकतो. माफी म्हणजे नाही. पाणी माफी, बत्ती माफी, सुट्टी माफी! मी नवीन होतो तेव्हा सुट्टी मागायला गेलो. मालकाचा मुलगा म्हणाला, माफी. मला वाटलं, साहेब माझी माफी मागतोय. मी म्हटलं, नाही नाही, असं काय साहेब!"

त्याच्या हसण्यात मीही हसल्यासारखं केलं. मग विचारलं, "आणि हे दोन्ही एकत्र म्हटलं तर?"

"हुरमा माफी?" त्याने हातातला पेला खाली ठेवला. "हे तर अन्सेमचंच वाक्य. शुक्रवारी सुट्टी असली की आम्ही सगळे त्याच्या खोलीवर. म्हणायचो, आज काहीतरी खास कर ना. तो म्हणायचा, कसलं खास, हुरमा माफी. बायको इथे नाही. मग करायचाच म्हणा सगळं. आम्ही चिडवायचो त्याला."

नाव का घेत नव्हता, मी विचारलं. सालोमी म्हणायला काय झालं होतं?

"तिथे बायकोचं नाव परक्या पुरुषांत घेत नाहीत, वहिनी. मालकाने इतक्या वर्षांत तुमचं नाव एकदा विचारलं नाही. मान म्हणून. त्याला बघून अन्सेमपण तसंच करायला लागला. हुरमा म्हणजे जिचा मान राखायचा, जिला जपायचं, ती. आपले म्हातारे नाही का म्हणत, आमच्या घरातून. तसंच."

मीसुद्धा तुझ्या आईपुढे कधी त्याचं नाव घेतलं नाही, रिटा. 'अवो' म्हणायचे. ती रीत मला परकी नव्हती. तरी ओळखू आली नाही.

आता तू सगळं पुन्हा वाच, माझ्यासारखं. मी घराबाहेर पडले की तो म्हणायचा, बायको इथे नाही. दाराकडे बघायचा. मी आले की थांबायचा, कारण मी आलेली असायचे. मी विचारलं हुरमा कोण, तर त्याने खरं उत्तर दिलं. याहून सरळ उत्तर माणूस कसं देणार? आणि मी फादरांसमोर, त्याच्या भावासमोर, त्याला माफ केलं. ते सगळं त्याला कळलं, ग. डॉक्टर म्हणालेच होते, त्यांना तुमचं सगळं कळतं. एवढी वर्षं ही बाई माझ्याबद्दल काय समजत होती, ते त्याला त्या एका वाक्यात कळलं. वर मी त्याला म्हटलं, तिचं नाव या घरात काढू नकोस. त्याने काढलं नाही.

मला न कळलेले शब्द मी तुला विचारले. कळले असं वाटलं ते नाही विचारले. 'माय'नंतर तरी शहाणं व्हायला हवं होतं.

दयाराम निघताना मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. 'नाही'ला माफी, तर 'आहे'ला काय? म्हणाला, "नुसतं फी." आणि मला क्षमा कर, असं म्हणायचं असेल तर? त्याने माझ्याकडे नीट बघितलं. काय झालं ते त्याने विचारलं नाही. पुरुषाला म्हणायचं तर 'सामिह्नी', म्हणाला. माझ्याकडून तीनचार वेळा म्हणवून घेतलं. ह घशातून काढायचा, काच पुसताना तोंडाने वाफ सोडतो तसा.

त्या दिवसापासून मी खोलीत शिरताना दारातच म्हणते, "हुरमा फी." वाडीतून आले की म्हणते. चुलीपासून उठून आले तरी म्हणते. तो बघतो. काही बोलत नाही. सामिह्नी म्हणायला मात्र अजून तोंड उघडत नाही. गुडघे टेकून माफ करणं किती सोपं गेलं होतं.

भाऊजींना आणि मावशींना सगळं सांगितलं. मावशी रडल्या. म्हणाल्या, "मग आता गावाला काय सांगायचं?" मी म्हटलं, हुरमा म्हणजे मी, असं सांगा. पण ते कोणी फारसं बोलत नाही. पहिली गोष्ट जास्त चांगली होती.

तुला सुटी मिळत असेल तर ये. लवकर ये.

सालोमी


भुईगाव
१५ मे १९८३

प्रिय रिटा,

भाऊजींनी केलेली तार तुला मिळाली असेल. तारेत इंग्रजीत लिहितात तेवढं लिहिलं आहे. सुटी मिळाली नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तिथले आजारीही कोणाचे तरी आहेत.

इकडे उकाडा फार. विहीर तळाला गेली आहे. जांब भरपूर आलेत, तोडायला माणूस नाही. मावशींच्या गाईला पाडा झाला.

तुला सांगायचं आहे ते हे. महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी मी त्याला पेज भरवत होते. पुष्कळ दिवसांनी त्याने पूर्ण वाटी संपवली होती. त्याची हनुवटी पुसताना माझ्या तोंडून आपोआप निघालं. "सामिह्नी." वाफ सोडल्यासारखा ह बरोबर आला. मी पुन्हा म्हटलं, "ॲन्सेल्म, सामिह्नी."

बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "माफी."

मार्चनंतरचा पहिला शब्द.

तो कुठल्या भाषेत म्हणाला, रिटा? आपल्या भाषेत म्हणाला असेल, तर बुजलेल्या पाटातून एवढं एक ओंजळभर माझ्यासाठी आलं. अरबीत म्हणाला असेल, तर क्षमा करण्यासारखं काही नाहीच, असं असेल. किंवा नुसतं 'नाही' असेल. मी विचारलं नाही. तो अर्थ तरी कसा सांगणार होता? दयाराम परत गेला, आणि तुलाही मी विचारत नाही. तू काय लिहिशील ते मला माहीत आहे. तू चांगलंच लिहिशील.

त्यानंतर तो बोलला नाही, पण मी आत आले की डावा हात गादीवरून थोडा उचलायचा. मी तेवढ्यावर समाधानी होते.

त्या सकाळी मी दयारामने आणलेली कॉफी केली. वेलची घातलेली, बिनदुधाची. तू सांगितली होतीस तशी, छोट्या कपात, थोडी. तो प्यायला. मी पुन्हा ओतली, तीही प्यायला. मग त्याने कप धरला आणि हलवला, डावीउजवीकडे, दोनदा. मला आता रीत माहीत होती. मी आग्रह केला नाही. कप घेऊन आत गेले, विसळला, पालथा घातला, पदराला हात पुसले.

दारात येऊन मी म्हटलं, "हुरमा फी."

हात उचलला गेला नाही. मी पुन्हा म्हटलं. जवळ जाऊन म्हटलं, त्याच्या कानाशी. मावशी येईपर्यंत म्हणत होते.

फादर, भाऊजी, सगळे मला तुला सविस्तर लिही म्हणतात. घंटा किती वाजल्या, कोण कोण आलं होतं, कबर कुठल्या बाजूला मिळाली. ते सगळं भाऊजी लिहितील. मला आपल्या भाषेत ते वाक्य अजून लिहिता येत नाही. त्याच्या भाषेत येतं.

रिटा, ॲन्सेल्म माफी.

तुझ्या भावाची
हुरमा